कोरल रीफवर पाण्याची खोली बदलली की वस्ती कशी बदलते – लक्षद्वीप, मालदीव आणि थोडं आपलं मालवण

खारेवारे

परवा लक्षद्वीपच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की स्नॉर्केलिंगला (तोंडात नळी धरून वरूनच बघणं) सगळं दिसतंच की, मग स्कूबाला (पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जाणं) एवढे पैसे कशाला घालवायचे? तिथे परमिट आणि बोटीच्या तिकिटांची चर्चा चालू होती म्हणून मध्ये घुसलो नाही, पण प्रश्न आवडला, म्हणून वेगळा धागा काढतोय. मी बायोलॉजीवाला नाही, पुण्यात आयटीत आहे, डायव्हिंगचं वेड आहे आणि त्या नादात वाचन होतं. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे बिनधास्त टोकावं.

कोरल म्हणजे प्रवाळ, चुन्याचा सांगाडा बांधणारे बारीक जीव, आणि त्यांनी बांधलेला खडक म्हणजे रीफ. लक्षद्वीपमधल्या कदमत किंवा अगत्तीसारख्या बेटावर किनाऱ्यापासून चालायला लागलात तर आधी लगून लागतं, म्हणजे रीफच्या आतलं शांत उथळ पाणी. कमरेएवढं ते दोन-चार मीटर पाणी, पांढरी वाळू, मधे मधे कोरलचे एकटेदुकटे ढीग. स्नॉर्केल करणारे नव्वद टक्के लोक इथेच फिरतात. इथलं पाणी दुपारी चांगलंच तापतं आणि ओहोटीला अजून उथळ होतं, त्यामुळे इथे राहतो तो गरमी सोसणारा. फांद्यांच्या कोरलमध्ये छोटे छोटे हिरवट-निळे डॅमसेल मासे थव्याने असतात, तुम्ही हात पुढे केलात की सगळा थवा एका सेकंदात फांद्यांच्या आत, मागे घेतलात की परत बाहेर. समुद्री काकड्या वाळू गिळत पडलेल्या असतात. कासवंही भरपूर, आणि ती वाटतात तेवढी निरुपद्रवी नाहीत बरं का, अगत्तीच्या लगूनमधलं समुद्रगवत हिरव्या कासवांनी चरून चरून पार बोडकं केलं.

मग येतो रीफचा कठडा, जिथे लाटा फुटतात. इथे उजेड भरपूर पण लाटांचा मार एवढा की नाजूक फांद्या टिकतच नाहीत. कोरल बुटके, जाडजूड नाहीतर खडकाला चिकटून पसरलेले, आणि त्यांच्यामध्ये गुलाबी रंगाचा कडक थर, तो कोरल नसून चुना साठवणारं शेवाळ असतं आणि तेच सगळे तुकडे जखडून ठेवतं. लाट ओसरली की निळे सर्जनफिश, ते पिवळा पंख आणि काळा चेहरावाले, झुंडीने येऊन शेवाळ खरवडतात, पुढची लाट आली की सगळे एकदम बाजूला, मग परत हजर. ऊन जास्त म्हणून शेवाळ जास्त, शेवाळ जास्त म्हणून चरणारे जास्त, एवढा साधा हिशोब आहे. पॅरटफिशही इथे आणि याच्या थोडं खाली भरपूर, पाण्यात त्यांचा दगड फोडल्यासारखा कुरकुर आवाज चक्क ऐकू येतो.

कठड्याच्या बाहेर उतार सुरू होतो. पाच ते पंधरा मीटर म्हणजे रीफचा सगळ्यात गजबजलेला भाग. लाटांचा जोर कमी, उजेड अजून पुरेसा, त्यामुळे कोरलचे सगळे आकार इथे एकत्र दिसतात: फांद्या, टेबलं, गोल दगडासारखे. बटरफ्लायफिश जोडीजोडीने, क्लाउनफिश, ट्रिगर, मोरे ईल, सगळी फोटोतली मंडळी.

आता वीसच्या खाली गेलात की काय होतं ते सांगतो, कारण माझ्या मते खरी मजा तिथे आहे. एक म्हणजे फांद्यांचं कोरल विरळ होतं आणि जे उरतं ते पसरट व्हायला लागतं, पत्रावळीसारखं पातळ आणि आडवं, एकावर एक. कोरलच्या आत एकपेशीय शेवाळ राहतं आणि ते उन्हावर अन्न बनवून मालकाला देतं, उथळ पाण्यात कोरलची नव्वद टक्क्यांपर्यंत भूक त्यावर भागते. उजेड कमी झाला की जेवढा मिळतो तेवढा पकडायला अंग पसरावं लागतं. दुसरं म्हणजे उजेड न लागणारी मंडळी पुढे येतात. समुद्री पंखे, काळं कोरल, चाबकासारखं एकेरी लांबच लांब कोरल, स्पंज, मऊ रंगीत कोरल. यांना ऊन नको, प्रवाह पाहिजे, कारण प्रवाहातून येणारं बारीकसारीक खाऊन हे जगतात. पंखा नेहमी प्रवाहाला आडवा वाढलेला दिसेल. आणि मासेही तसेच बदलतात, शेवाळ चरणारे कमी होत जातात आणि तरंगतं अन्न टिपणारे वाढतात. उताराच्या कडेला अँथियसचा केशरी-जांभळा थवा प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी पोहत असतो, प्रत्येकजण आपापल्या समोरून जाणारा कण टिपतोय. त्याच्याखाली कपारीत ग्रूपर, स्नॅपर, सोल्जरफिश.

थोडक्यात, स्नॉर्केलिंगला दिसतो तो वरचा एक पट्टा. वाईट अजिबात नाही, पण खालच्या पट्ट्यात दुसरीच मंडळी राहतात आणि ती वर येत नाहीत.

मीनल_ठाणे

मस्त लिहिलंय! वाचनखूण साठवली. एक शंका. मी हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणायचं ना) बारा मीटरपर्यंत गेले होते, इन्स्ट्रक्टर हाताला धरून नेतो तसली. माझा लाल टीशर्ट खाली चॉकलेटी-काळपट दिसत होता आणि सगळे फोटो निळेशार. मग तुम्ही म्हणता तो केशरी-जांभळा थवा पंचवीस मीटरवर तुम्हाला दिसला कसा??

खारेवारे

टॉर्च :) टॉर्चशिवाय तो राखाडी-निळाच दिसतो. पाणी आधी लाल रंग खातं, पाच-सहा मीटरवरच बराचसा गेलेला असतो, मग नारिंगी, मग पिवळा, शेवटपर्यंत टिकतो निळा. एकदा पंचविसेक मीटरवर कपारीला बोट घासलं, ग्लोव्ह नव्हते, आणि बोटातून हिरवट-काळी धूर निघाल्यागत रेघ वर जायला लागली, क्षणभर कळेचना हे काय, मग लक्षात आलं की रक्त आहे. वर येताना त्याच बोटाचा रंग हळूहळू तपकिरी आणि मग लाल झाला.

देवगडकर

ह्या बरा लिवलास. आमच्याकडे जाणते लोक पूर्वीपासून सांगतत, तांबडो मासो खोल पाण्यातलो. तांबोशी, राणे, सगळे तांबडे नायतर गुलाबी, आणि काठाजवळची शेवटां, मुडदुशे बघ, सगळी पांढरी-रुपेरी. कित्याक ता कोणी कधी सांगूक नाय.

दुसरी गजाल. खोलातलो मोठो हेकरू गरीक लागलो आणि भसाभस वर वडलो की तोंडातसून लाल गोळो भायर येता. शहरातल्या लोकांका वाटता तेची जीभ ती. जीभ नाय, पोट असता ता! आत हवेची पिशी फुगता आणि पोट भायर ढकलता. असलो मासो परत पाण्यात सोडलास तरी बुडना नाय, तरंगतच ऱ्हवता.

सागरगोटा

ऑस्ट्रेलियातून, टाउन्सव्हिल. रीफवरच काम करते म्हणून राहवलं नाही, लांबलं तर माफ करा.

देवगडकर दादांचं निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे (म्हणजे सगळेच तांबडे मासे खोल आणि सगळेच खोल मासे तांबडे असं नाही, पण कल तोच). लाल उजेडच खाली पोचत नसेल तर लाल अंग परावर्तित करणार काय? तो मासा तिथे काळा-राखाडी दिसतो, म्हणजे दिसतच नाही म्हणा ना. शिकाऱ्यापासून लपायचं असेल तर खोलात लाल हा काळ्याइतकाच कामाचा रंग. सोल्जरफिश, बिगआय हे दिवसा कपारीत बसणारे आणि रात्री निघणारे मासे लालभडक असतात त्यामागे हेच.

खारेवारे यांनी पसरट होण्याचं लिहिलंय त्यात एक भर. बऱ्याच वेळा ती वेगळी जात असते, पण कधी कधी एकच जात खोलीप्रमाणे आकार बदलते. तांबड्या समुद्रात एलातच्या किनाऱ्यावर स्टायलोफोरा पिस्टिलाटा नावाच्या कोरलवर खूप काम झालंय. उथळ पाण्यात ते गोल झुडूप, रंगाने फिकट. तेच खोलात फांद्या विरळ आणि आडव्या, रंग गडद तपकिरी, कारण उजेड पकडायला आतल्या शेवाळातलं रंगद्रव्य वाढवलेलं असतं. खालचं उचलून वर लावलं की ऊन सोसत नाही, फिकं पडतं.

आणि उथळ पाण्यातल्या कोरलची चैन असते असं समजू नका. तिथे ऊन जास्त होतं, अतिनील किरण वेगळे, म्हणून उथळ कोरल अंगात सनस्क्रीनसारखी द्रव्यं बनवतात. जे हिरवे चमकणारे प्रोटीन असतात ते वर बऱ्याच अंशी ऊन झेलायला उपयोगी पडतात. खोलात मात्र काही कोरल लाल-नारिंगी चमकतात आणि तिथे त्याचं काम उलटं असतं, वरून फक्त निळा उजेड येतो, तो पेशींच्या वरच्या थरातच संपतो, चमकणारं प्रोटीन त्याचं नारिंगी-लाल करतं आणि तो रंग आतपर्यंत शिरतो, म्हणजे आतल्या शेवाळालाही वाटा मिळतो. निळा टॉर्च आणि पिवळी काच घेऊन रात्री गेलात तर हे दिसतं.

टवाळ_पोर

म्हणजे वर सनस्क्रीन लावा आणि खाली ट्यूबलाइट लावा. आमच्या सोसायटीतही टेरेसवाल्यांचं आणि ग्राउंड फ्लोअरवाल्यांचं असंच चाललेलं असतं.

अश्विनी_जो

मला एक सांगा, आपण मंगळासाठी अंगठीत घालतो ते पोवळं यातलंच का? सासूबाईंची पोवळ्याची माळ आहे आणि माझा मुलगा म्हणतो आजीने रीफ तोडून गळ्यात घातलंय. रोज जेवताना हाच वाद.

सागरगोटा

@अश्विनी_जो ताई, आजींना सांगा निर्दोष सुटका, निदान या आरोपातून. दागिन्यातलं खरं लाल पोवळं बहुतेक भूमध्य समुद्रातलं असतं, आणि भूमध्य समुद्र म्हणजे उष्ण कटिबंधातली रीफ नव्हे. ते आपल्या रीफच्या कोरलचं लांबचं नातेवाईक. त्याच्या अंगात शेवाळच नसतं, त्यामुळे त्याला ऊन नको असतं, ते गुहांमध्ये, कड्यांच्या सावलीत आणि पार शंभर-दोनशे मीटर खोलीपर्यंत वाढतं. लाल रंग त्याच्या सांगाड्याचाच असतो म्हणून पॉलिश करून टिकतो. रीफचं कोरल सुकवलं की पांढरा चुना उरतो, रंग सगळा जिवंत मांसाचा असतो. फक्त पोवळं वाढतं फार सावकाश आणि शतकानुशतकं उपसलं गेलंय, त्यामुळे नातवाचा राग अगदीच फुकट नाही. आणि हो, आपल्याकडे रीफ बांधणारं कोरल वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा बॅगेत घालायचा नाही.

भाऊ_पेणकर

लेख आणि प्रतिसाद दोन्ही उत्तम. माझा प्रश्न वेगळा आहे. समुद्र तापतोय, कोरल पांढरं पडून मरतंय हे पेपरात येतंच. पण तापतं ते वरचं पाणी ना? विहिरीत उतरलं तरी खाली गार लागतं. मग रीफचा खालचा भाग सुरक्षितच राहणार आणि वरचं मेलं तरी खालून परत बी येऊन उगवणार. उगाच एवढी ओरड कशाला करतात?

सागरगोटा

@भाऊ_पेणकर काका, तुमच्यासारखाच विचार शास्त्रज्ञांनीही केला होता, आणि बरीच वर्षं आशेने केला होता. तीस-चाळीस मीटरच्या खालच्या आणि साधारण दीडशे मीटरपर्यंतच्या अंधुक पट्ट्याला आम्ही मेसोफोटिक म्हणतो, आणि तो म्हणजे वरच्या रीफचा राखीव साठा अशी कल्पना होती. ती तीन ठिकाणी अडखळते.

एक, खाली राहतात ते बरेचसे वेगळेच आहेत. २०१८ मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमीच्या लुईझ रोशा आणि सहकाऱ्यांनी अटलांटिक आणि पॅसिफिकमधल्या खोल रीफचा अभ्यास छापला, त्यात मासे आणि कोरल दोन्ही वरपेक्षा ठळकपणे वेगळे निघाले. काही जाती दोन्हीकडे आहेत, त्यांना तुमचा नियम लागू होईल, पण अ‍ॅक्रोपोरा या फांद्यावाल्या कोरलच्या ज्या फांद्यांवर उथळ रीफ उभी असते त्यातल्या कित्येक जाती खाली नाहीतच, मग बी येणार कुठून. आणि खालीही माणसाचा हात पोचलेला होता, मासेमारीच्या दोऱ्या, गाळ, कचरा.

दोन, खाली नेहमीच गार असतं असं नाही. २०१६ मध्ये इथे ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात चाळीस मीटरवरही कोरल पांढरं पडलं. सुरुवातीला खालून गार पाणी वर येत होतं तोवर निभावलं, ते थांबलं तसं खालीही लागण झाली. मरण्याचं प्रमाण मात्र खाली वरच्यापेक्षा बरंच कमी होतं, म्हणजे खोली अगदीच निरुपयोगी नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात.

तीन, २०१९ च्या नोव्हेंबरात हिंदी महासागरात चागोस बेटांच्या एग्मंट अटॉलवर (अटॉल म्हणजे कंकणासारखं प्रवाळ बेट) नव्वद मीटर खोलीवर कोरल पांढरं पडलेलं सापडलं. आणि त्याच वेळी वरचं उथळ कोरल ठीक होतं! उलटंच झालं. प्लिमथ विद्यापीठाच्या लोकांनी रोबोट कॅमेरा खाली सोडला होता म्हणून कळलं, नाहीतर कुणाच्या गावीही नव्हतं. त्या वर्षी इंडियन ओशन डायपोल (हिंदी महासागराची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते तो प्रकार) जोरात होता, त्यामुळे पश्चिमेकडे गरम पाण्याचा थर जाड झाला आणि खालच्या गार पाण्याची सीमा अजून खाली ढकलली गेली. जिथे साधारण २२ अंश असायचे तिथे २९ पर्यंत गेलं. पुढच्या वर्षांत तिथलं बरंचसं सावरलं हेही खरं.

देवगडकर

२०१९ म्हणजे क्यार वादळ आणि तेच्या पाठोपाठ महा! पाऊस थांबाकच बघी ना. देवगड बंदरात भायरच्या राज्यातल्या होड्ये येवन रवलेले, पाय ठेवक जागा नाय. तेच वर्षाची ही गजाल काय?

सागरगोटा

हो दादा, तोच हंगाम, तोच डायपोल.

खारेवारे

चागोस ऐकून लांबचं वाटेल पण नकाशा बघा. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही एकाच पाण्याखालच्या डोंगररांगेवरची बेटं आहेत, उत्तर टोकाला आपण आणि दक्षिण टोकाला ते.

लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ असे मोठे ब्लीचिंगचे (कोरल पांढरं पडण्याचे) फटके बसले, २०२४ मध्येही. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे रोहन आर्थर आणि त्यांची टीम १९९८ पासून तिथली तीच बेटं बघतेय आणि त्यांच्या आकड्यांप्रमाणे चोवीसेक वर्षांत जिवंत कोरल जवळपास निम्म्यावर आलंय. पण सगळीकडे सारखं नाही, बेटाची मान्सून झेलणारी पश्चिम बाजू आणि आडोशाची पूर्व बाजू वेगळी वागते, उथळ आणि खोल वेगळं वागतं. म्हणून मला नुसतं "पाच मीटर, वीस मीटर" म्हणणं अपुरं वाटतं. खोली हा आकडा आहे, कोरलला कळतो तो उजेड, लाटेचा मार, पाण्याचं तापमान आणि वाहून येणारं अन्न. हे चार जिथे जसे जुळतील तसा पट्टा वर-खाली सरकतो. मालवण हे त्याचं एकदम जवळचं उदाहरण आहे.

देवगडकर

तर काय. आमच्याकडे पाणी गढूळ आसता, पावसात तर हात लांब केल्यार बोटां दिसनत नाय. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे खडकार कोरल आसा, पण दोन-चार-आठ मीटरात सगळो खेळ खलास.

सागरगोटा

बरोबर, आणि म्हणूनच मालवणात पाच मीटरवर जे दिसतं त्याची तुलना लक्षद्वीपच्या पाच मीटरशी करून "आमच्याकडे काय नाय" म्हणणं अन्यायाचं आहे. नितळ पाण्यात वरच्या उजेडाचा एखादा टक्का शंभर मीटरवरही पोचतो, गाळाच्या पाण्यात तो आठ-दहा मीटरातच संपू शकतो. मालवणला टर्बिनेरिया हे पसरट कोरल नोंदलेलं आहे. या गटातलं मेसेंटेरिना हे उजेडाप्रमाणे आकार बदलण्यासाठी प्रसिद्ध आहे, ऊन भरपूर असेल तर दुमडून उभ्या पाकळ्या करतं आणि अंधार वाढला की सपाट पडतं. गढूळ पाण्याची रीफ म्हणजे खोल रीफचे काही नियम उथळ पाण्यात लागू झालेली रीफ.

भाऊ_पेणकर

माझा विहिरीचा मुद्दा बादच झाला म्हणायचा, पण पटलं. यावरून आठवलं, डार्विनने हे फार आधी ताडलं होतं. १८३६ च्या एप्रिलमध्ये बीगल जहाज कीलिंग बेटांवर थांबलं तेव्हा कप्तान फिट्झरॉयने बेटाबाहेरच्या उतारावर शिशाचा गोळा सोडून खोली मोजली. गोळ्याच्या तळाला चरबी लावलेली असायची, तळाला टेकला की जे असेल त्याचा ठसा नाहीतर वाळू चरबीत अडकून वर यायची. दहा वावांच्या आत चरबीवर जिवंत कोरलचे ठसे, वाळूचा कण नाही. खोल जाल तसे ठसे कमी, वाळू जास्त, आणि वीस वावांच्या पलीकडे नुसती वाळू. वीस वाव म्हणजे छत्तीस-सदतीस मीटर. त्यावरून डार्विन म्हणाला की रीफ बांधणारं कोरल उथळातच जगतं, मग महासागराच्या मधोमध एवढ्या उंच रीफ उभ्या कशा? तर डोंगर हळूहळू बुडतोय आणि कोरल उजेड सुटू नये म्हणून वर वर बांधत चाललंय. १९५२ मध्ये अमेरिकेने एनिवेटोक अटॉलवर भोक पाडलं तेव्हा बाराशे मीटरहून जास्त चुनखडी लागली आणि मग खाली ज्वालामुखीचा खडक. शंभर वर्षांनी माणूस बरोबर ठरला.

देवगडकर

काकांनू, आमी अजून वावातच मोजतंव. आणि वीस मीटरावरसून आठवला, आंग्रिया बँकेची गजाल कोणी काढूक नाय. विजयदुर्गासमोर शंभरेक किलोमीटर भायर, समुद्राच्या मधीच जमीन वर येता, आणि ती वर येवन थांबता तीच मुळी अकरा वावार.

खारेवारे

वा, हे राहिलंच होतं! आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने. साधारण चाळीस किलोमीटर लांब आणि पंधरा रुंद पठार, माथा वीस मीटरच्या आसपास. पाण्यावर काहीच दिसत नाही, बेट नाही, लगून नाही, लाट फुटणारा कठडा नाही. मी वर जे पट्टे लिहिले त्यातले पहिले दोन-तीन तिथे नाहीतच, रीफ सुरूच होते ती वीसपासून. किनाऱ्यापासून लांब म्हणून गाळ कमी, पाणी नितळ, म्हणून एवढ्या खाली कोरल तगतं. २०१९ च्या शेवटी सागर संपदा जहाजावरून तिथे सर्वेक्षण झालं होतं. म्हणजे एकाच सिंधुदुर्ग जिल्ह्यासमोर किनाऱ्याला आठ मीटरवर संपणारं कोरल आणि बाहेर वीस मीटरवर सुरू होणारं कोरल.

निखिल_पोर्टब्लेअर

बाबा नेव्हीत होते त्यामुळे लहानपण पोर्ट ब्लेअरला गेलं. खोली बदलणं म्हणजे आपण खाली जाणं असं सगळे धरून चाललेत, अंदमानात २००४ ला रीफनेच खोली बदलली. २६ डिसेंबरच्या भूकंपात उत्तर आणि पश्चिम अंदमान वर उचललं गेलं, इंटरव्ह्यू आयलंड आणि नॉर्थ सेंटिनेलकडे मीटर-दीड मीटर, आणि तिथली उथळ रीफ ओहोटीलाच काय भरतीलाही पाण्याबाहेर राहिली. अख्खी मेली. पोर्ट ब्लेअरची बाजू उलट खाली गेली. कोरलला मीटरभर वर म्हणजे मरण आणि मीटरभर खाली म्हणजे फार तर थोडा कमी उजेड, एवढा फरक.

मीनल_ठाणे

बापरे, हे माहीतच नव्हतं. बरं, किती खोलपर्यंत कोरल सापडलंय याचा काही रेकॉर्ड आहे का? उजेडावर जगणारं.

सागरगोटा

लेप्टोसेरिस हवाइएन्सिस, फ्रेंच पॉलिनेशियातल्या गॅम्बियर बेटांजवळ, १७२ मीटर. पातळ पापुद्र्यासारखं. आणि ते गुलाबी कडक शेवाळ, जे कठड्यावर लाटा झेलतं, त्याच गटातलं शेवाळ बहामाजजवळ २६८ मीटरवर सापडलंय, जिथे माणसाच्या डोळ्याला जवळपास काळोखच.

चिन्मय_दुबई

मालदीवला जातोय डिसेंबरात, डायव्हिंगचा अ‍ॅडव्हान्स कोर्स झालाय. खोल जाऊन काय बघू ते सांगा, नुसतं "खोल जा" नको.

खारेवारे

तीसच्या खाली जाऊच नकोस, मालदीवमध्ये कायद्यानेच तीस मीटरची मर्यादा आहे. तीस मीटरवर दाब चारपट होतो, हवा चौपट वेगाने संपते आणि नायट्रोजनची गुंगी चढते ती वेगळीच. मी खाली असताना एका मित्राला मनगटावरच्या डायव्ह कॉम्प्युटरवरचा आकडा वाचून दाखव म्हणून खूण केली तर तो हसत बसला.

बघायचं म्हणशील तर वीस-पंचविसातला समुद्री पंखा किंवा काळं कोरल सापडलं की घाई न करता त्याच्यासमोर थांब आणि टॉर्च मार. लांब नाकाचा हॉकफिश असतो, बोटाएवढा, पांढऱ्या अंगावर लाल चौकड्या. टॉर्चशिवाय त्या चौकड्या पंख्याच्या जाळीत पार मिसळून जातात, टॉर्च पडला की एकदम उठून दिसतो. आणि तो हलत नाही, पंख टेकवून बसून राहतो, फक्त डोळा फिरवतो.

सागरगोटा

आणि जो दिसणार नाही त्याचंही नाव ऐकून ठेव. फिनिफेनमा रास, गुलाबी-जांभळा छोटा मासा, २०२२ मध्ये नवीन जात म्हणून जाहीर झाला. राहतो चाळीस ते सत्तर मीटरवर, म्हणजे तुझ्या मर्यादेच्या जस्ट खाली. नाव मालदीवच्या राष्ट्रीय फुलावरून, गुलाबावरून, आणि नाव देणाऱ्यांत अहमद नजीब हे मालदीवचेच संशोधक होते, स्थानिक शास्त्रज्ञाने जाहीर केलेली तिथली ती पहिली जात. त्याआधी लोक तो चागोसमधल्या एका दुसऱ्या जातीचा समजत होते.

चिन्मय_दुबई

धन्यवाद दोघांनाही. नाइट डाईव्ह करू का? खोल न जाता खोलातलं काही दिसतं का रात्री?

सागरगोटा

कर, आणि उथळच कर. खोल पाण्यातले बारीक जीव अंधार पडला की वर चढतात आणि त्यांच्यामागे खाणारेही. दिवसा कपारीत बसलेले सोल्जरफिश आणि बिगआय उघड्यावर येतात, कोरलचे पॉलिप (एकेक बारीक जीव) तोंडं उघडून बसतात, आणि दिवसभर चरणारे पॅरटफिश खबदाडीत झोपलेले असतात, काही जाती तर स्वतःभोवती चिकट पारदर्शक पिशवी विणून. त्यांच्यावर टॉर्च धरून ठेवू नकोस, बिथरून अंधारात खडकावर आदळतात.

चिन्मय_दुबई

ओके, नोंदवलं. आल्यावर फोटो इथेच टाकतो.